क्रूझवरून उतरून सँटोरिनीची फोटो टूर : आठ-नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात क्रूझवर असताना ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर आम्ही जहाजाची नेहमीची बस सहल घेतली नाही. तिथल्याच एका फोटोग्राफरची दिवसभराची टूर घेतली. परतल्या परतल्या लिहिलं असतं तर निळे घुमट आणि निळं पाणी यांचंच कौतुक झालं असतं. आता फोटो निवडून झालेत, काही मोठे छापून भिंतीवर लागलेत आणि तिथे शिकलेलं इकडे वापरूनही झालंय. पैसे वसूल झाले. पण ज्या फोटोंच्या जिवावर ही टूर विकतात, त्यांनी ते वसूल केले नाहीत.

आधी वेळेचं गणित, कारण क्रूझवाल्यांचा दिवस त्यावरच ठरतो. ज्वालामुखीच्या स्फोटानंतर जमीन खचून जो काल्डेरा तयार झाला, त्यात जहाजं थांबतात. पाणी काही ठिकाणी जवळपास 400 मीटर खोल. मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटींनी किनारा गाठावा लागतो. आमच्या जहाजाने स्वतःच्या सहलीवाल्यांना आधी उतरवलं, आथिनिओस बंदरावर, जिथे बस थेट येते. स्वतंत्र जाणाऱ्यांना नंतर सोडलं, कड्यावरच्या मुख्य गावाच्या, फिराच्या, पायथ्याच्या जुन्या बंदरावर. तिथून वर जायला केबल कार, खेचर किंवा जवळपास 600 पायऱ्या. खेचरांवर बसू नका, ती जनावरं ज्या कड्यावरून दिवसभर माणसं वाहतात ते बघवत नाही. परतताना केबल कारच्या रांगेसाठी तासभर तरी हातात ठेवा.

टूरच्या जाहिरातीत बेटाच्या उत्तर टोकाच्या इया गावाचा सूर्यास्त ठळक होता. ऑक्टोबरच्या मध्यात तिथे सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो आणि आमची शेवटची बोट सहाची होती. बुकिंग करतानाच जहाजाचं नाव दिलेलं असूनही कंपनीने हे सांगितलं नाही. याचा राग मला अजून आहे. तुम्ही बुकिंग करण्याआधी जहाजाची निघण्याची वेळ आणि त्या तारखेचा सूर्यास्त समोरासमोर ठेवून बघा.

गाइड मात्र हिरा होता. बसगाड्या सकाळी इयाकडे धावतात म्हणून त्याने दिवस उलटा लावला. फिराला लागून असलेल्या फिरोस्तेफानीला तीन घंटांच्या चर्चपाशी आधी थांबलो. काल्डेरा पश्चिमेला, त्यामुळे सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि घुमट, समुद्र दोन्ही स्वच्छ उजळतात. दुपारी तिथेच उभं राहिलात तर सूर्य लेन्सच्या समोर.

मग मेगालोखोरी. या गावासाठी मी पुन्हा पैसे भरेन. एका अरुंद बोळात त्याने आम्हाला एकाच भिंतीपुढे बराच वेळ उभं केलं. वर्षानुवर्षं चुन्याचे हात बसून तिच्या कडा गोल झाल्या होत्या, ब्रशचे फटकारे उमटले होते, एका कोपऱ्यात पोपडा सुटून आतला काळा दगड दिसत होता. ‘पांढरा रंग कुठे आहे ते दाखवा,’ म्हणाला. नीट बघितलं तर वरचा सावलीतला भाग आकाशामुळे निळसर, खालचा भाग फरशीवर आपटून आलेल्या उन्हामुळे पिवळट. निखळ पांढरी पट्टी जेमतेम हातभर. तोवर मी पांढरी भिंत म्हणजे एक रंग समजून फोटो काढत होते.

त्याच भिंतीवर मीटरिंग, म्हणजे कॅमेरा उजेड कसा मोजतो ते, शिकवलं. कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी करड्यावर आणतो, म्हणून चुना राखाडी दिसतो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग) अधिक दोन तृतीयांश ते अधिक एक ठेवायचं, आणि लगेच हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघायचा. आलेख उजव्या कडेला आपटला तर जरा मागे यायचं, कारण उजेड जास्त होऊन जळालेला पांढरा रॉ फाइलमध्येही (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) परत मिळत नाही. ही एक गोष्ट यंदाच्या वारीत दिवे घाटात इतकी उपयोगी पडली की सांगता सोय नाही. पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, वर ढगाळ उजेड. आधीच्या वर्षांचे माझे फोटो मळकट यायचे. यंदा धोतराची घडीसुद्धा दिसतेय.

पिर्गोस गावाची चढण आणि द्राक्षमळे भरभर झाले. मळ्यांत वेली वाऱ्यापासून वाचाव्यात म्हणून जमिनीलगत टोपलीसारख्या वळतात. जमिनीवर आडवं होऊनच फोटो येतो, तेव्हा कपडे तसे घाला.

इयाला दुपारी पोचलो. घुमटांच्या त्या प्रसिद्ध जागी रांग होती, दोन-चार क्लिक झाले की पुढे. ते फोटो मी नंतर उघडलेही नाहीत. पण गाइडने तिथून मागे वळायला सांगितलं, कड्याकडे. 24-105 ची झूम लेन्स पूर्ण ओढून घेतली आणि तिरप्या उन्हात थर सुटे झाले : काळा लाव्हा, तांबडा थर आणि अगदी वर सुमारे 3600 वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची फिकट राख. त्या राखेतच घरं कोरलेली. 1956 च्या भूकंपात यातली कितीतरी ढासळली, काही पडकी घरं अजून दिसतात. भिंतीवर लावलाय तो हाच फोटो. पोलरायझरने (लेन्सवर लावायच्या चकाकी कमी करणाऱ्या फिल्टरने) धुरकटपणा कमी झाला, मात्र वाइड लेन्सवर तो आकाशात गडद पट्टा पाडतो, तेव्हा काढून ठेवा. आणि कितीही मोह झाला तरी घरांच्या छतांवर चढू नका. लोक राहतात तिथे, तशा पाट्याही लावल्यात.

खर्च माणशी 200 युरोच्या आसपास, जहाजाच्या सहलीपेक्षा बराच जास्त. शिवाय जुलै 2025 पासून ग्रीस सरकार क्रूझ प्रवाशांकडून वेगळा कर घेतं, गर्दीच्या महिन्यांत सँटोरिनीला तो 20 युरो आहे. जहाजाच्या बिलात तो कसा लागतो ते बघून घ्या.

मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांनाही ही टूर चालेल, आमच्यातल्या एका काकूंचे बोळातले फोटो उत्तम आलेत. सोबतचं कुणी फोटोग्राफी न करणारं असेल तर मात्र त्यांना ओढत नेऊ नका. माझ्या नवऱ्याने भिंतीपुढचा तो वेळ कसाबसा काढला. त्यांच्यासाठी फिरातलं प्रागैतिहासिक संग्रहालय चांगलं. अक्रोतिरी या राखेखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन गावाच्या उत्खननातली भित्तिचित्रं तिथे आहेत आणि केबल कारही जवळ.