माउंटन बाईक जपायची तर फिल्म की कोटिंग, बादली की प्रेशर गन? सोलापूरपुरता निवाडा

सायकलच्या निगेबद्दलचे बरेच व्हिडिओ पावसाळी मुलखातले असतात, म्हणून त्यांत सगळा भर चिखलावर. सोलापुरात वर्षातला बराच काळ कोरडी धूळ, वेड्या बाभळीचे काटे आणि बोअरचं क्षाराचं पाणी यांच्याशी गाठ असते. पैसे कुठे घालायचे हे त्यावरून ठरवा.

आधी फ्रेम. सिरॅमिक कोटिंग म्हणजे रंगावर चोळायचा द्रव, सुकल्यावर त्याचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा. त्यावरून धूळ लवकर सुटते, पाणी घसरतं, रंग उठून दिसतो. पण पुढच्या चाकाने उडवलेला खडा त्याला जुमानत नाही. पारदर्शक पीपीएफ (रंग जपणारी चिकट फिल्म) साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाड असते आणि खड्याचा मार स्वतः खाते. होटगी रोड किंवा हिप्परग्याच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर जाणार असाल तर माझं मत सरळ फिल्मला. मात्र पूर्ण सायकल मढवायची गरज नाही. डाउनट्यूबची, म्हणजे हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या दांड्याची, खालची बाजू, चेनखालचा मागचा दांडा आणि हँडलजवळ केबल घासते ती जागा, एवढ्या तीन ठिकाणी पुरते. मॅट रंगाच्या फ्रेमला मॅटच फिल्म घ्या, नाहीतर ठिगळ दिसतं.

फिल्म घरी लावता येते. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसायची, साबणाच्या पाण्याचा फवारा मारून फिल्म सरकवत बसवायची, मग मधून कडेकडे पाणी ढकलायचं. कोपरे गोल कापा, चौकोनी कोपरा आधी उचलतो. गच्चीवर हे काम नकोच: वाऱ्याने धूळ खाली अडकते आणि उन्हात पाणी फिल्म बसण्याआधीच सुकतं. बाथरूमची फरशी ओली करून तिथे बसा. खर्चच करायचा नसेल तर मागच्या दांड्याला जुनी ट्यूब गुंडाळा. दिसायला गावठी, पण चेनचा आपटा थांबतो. फक्त अधूनमधून सोडून पाहा, आत वाळू साचली की तीच रंग खरवडते.

धुण्याच्या बाबतीत वॉशिंग सेंटरची गन मोह पाडते. पाच मिनिटांत सायकल चकाचक होते, पण तो झोत सीलच्या आत घुसून हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) आणि पेडलच्या अॅक्सलच्या बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतो. नळाला रोज पाणी नसलेल्या शहरात बादलीच परवडते: अर्धी बादली, थोडा शाम्पू, मऊ ब्रश. कोरड्या धुळीला तर आधी पाणी लावूच नका. मोठ्या मऊ ब्रशने झटका, मग ओल्या कापडाने पुसा. कोरडं फडकं दाबून फिरवलंत तर धुळीचे कण रंगावर बारीक ओरखडे काढतात. कापडाला सोलापुरात काय तोटा, डागी टॉवेल स्वस्तात मिळतात. बोअरच्या पाण्याने धुतलं तर सावलीत आणि लगेच पुसा, नाहीतर पांढरे डाग बसतात.

काळ्या मातीचं तंत्र उलटं. ओली असताना घासली तर नुसती पसरते, आणि टायर व फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) मध्ये ती गच्च बसते. थोडी सुकू द्या, लाकडी काडीने ढेकळं पाडा, मग भिजवा.

डिस्क ब्रेकच्या चकतीला पॉलिश, चेनचं तेल, सिलिकॉन स्प्रे यांचा स्पर्शही नको. ती अल्कोहोलने पुसायची. रिम ब्रेक असेल तर रिमवरची करडी राड पुसत राहा, ती पॅड आणि अॅल्युमिनियम दोन्ही झिजवते.

चाकांचं खरं दुखणं काटा. टायर आणि ट्यूबमध्ये बसणारी पट्टी स्वस्त, पण चाक जड होतं आणि नीट बसली नाही तर तिचं टोकच ट्यूब घासतं. साध्या ट्यूबमध्ये सीलंट (भोक बुजवणारा चिकट द्रव) घातलं तर बारीक भोकं आपोआप बुजतात. मात्र व्हॉल्व्हची पिन निघणारी हवी, आणि मोठं भोक पडलं तर पंक्चरवाला वैतागतो, कारण त्या चिकट ओलीवर ठिगळ धरत नाही. ट्यूबलेस, म्हणजे ट्यूबशिवायचा टायर आणि आत सीलंट, सगळ्यात चांगलं, पण रिम आणि टायर दोन्ही त्यासाठीचे असतील तरच. जुन्या रिमवर जुगाड करण्यापेक्षा ट्यूब आणि सीलंट बरं. दोन्हीकडे सीलंट उन्हाळ्यात लवकर सुकतं. ट्यूबलेस असेल तर मार्चमध्ये पिन काढून आत काडी घालून पाहा. काडी कोरडी निघाली तर नवं भरा.