ग्लिबसी २.४१ वर थ्रेड कॅन्सलेशन: काही महिने वापरल्यावर

कारखान्यांतल्या मीटरचा डेटा गोळा करणाऱ्या गेटवेचं सॉफ्टवेअर आम्ही महापे एमआयडीसीत बनवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली आली, आम्ही त्यावर गेलो आणि सोबत ग्लिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी, २.४१ आली. थ्रेड कॅन्सल करणं, म्हणजे प्रोग्राममधला एखादा चालू धागा बाहेरून बंद करणं, आता खरोखर भरवशाचं झालंय. ते तपासणाऱ्या जुन्या टेस्ट मात्र तशाच ठेवून चालत नाही.

पूर्वी राइट किंवा सेंडसारखा कॉल चालू असेपर्यंत ग्लिबसी त्या थ्रेडला असिंक्रोनस कॅन्सलेशनमध्ये ठेवायची, म्हणजे थ्रेड कुठल्याही क्षणी बंद होऊ शकायचा. कर्नलने काम केलं, पण उत्तर हाती यायच्या आत थ्रेड संपला, असं घडू शकायचं. किती बाइट गेले याचा पत्ता नाही. नवं कनेक्शन स्वीकारणारा ॲक्सेप्ट असेल तर उघडलेला डिस्क्रिप्टरच (त्या कनेक्शनचा क्रमांक) हरवला. बग १२६८३ म्हणून वर्षानुवर्षं पडून असलेलं हे दुखणं २.४१ मध्ये मिटलं. कॉलने थोडंही काम केलं असेल तर आता तो किती काम झालं त्याचा आकडा घेऊन परत येतो आणि कॅन्सल पुढच्या कॅन्सलेशन पॉइंटवर, म्हणजे कॅन्सल तपासलं जाणाऱ्या पुढच्या कॉलवर, लागू होतं.

टेस्ट अडतात त्या इथेच. अशा टेस्टची रूढ रीत म्हणजे भलामोठा डेटा एकदम पाठवायचा, बफर भरून सेंड अडकला की कॅन्सल करायचं. पण तोवर अर्धा डेटा गेलेला असतो. सेंड अर्धवट आकडा घेऊन परत येतो आणि टेस्ट नापास दाखवते. लायब्ररीचं वागणं बरोबरच आहे. चुकीची अपेक्षा टेस्टची.

उपाय एकच: बफर आधी काठोकाठ भरा, मगच तपासायचा कॉल करा, म्हणजे त्याला एक बाइटही पुढे सरकवता येणार नाही. आकडेमोड करून किती मावेल ते काढायच्या फंदात पडू नका. सेंड बफरला दिलेला आकडा कर्नल दुप्पट करतो, आणि परत विचारला तर दुप्पटच सांगतो. शिवाय प्रत्येक तुकड्यामागे कर्नलचा स्वतःचा खर्च त्याच हिशोबात धरला जातो. नेहमीच्या २,१२,९९२ बाइटांच्या बफरवर युनिक्स सॉकेटपेअरमध्ये (एकाच मशीनवरच्या जोडलेल्या दोन सॉकेटमध्ये) एकेक बाइट पाठवून बघा, काही शे बाइटांतच दार बंद होतं! म्हणून आम्ही बफर लहान करतो, डोंटवेट (अडकू नको) हा फ्लॅग लावून ईअगेन (आता जागा नाही) ही एरर येईपर्यंत पाठवत राहतो आणि मग साधा, अडकणारा सेंड करतो. युनिक्स सॉकेटला पाठवणाऱ्याचा बफर लहान केला तरी पुरतं, रिसीव्ह बफरचा तिथे उपयोग नाही. लूपबॅकवरच्या (मशीनच्या स्वतःशीच जोडलेल्या) टीसीपीला दोन्ही टोकं आवळावी लागतात.

पाइपचंही तसंच. क्षमता ६५,५३६ बाइट असं टेस्टमध्ये लिहून ठेवलेलं असतं, पण ती मुळात मेमरीच्या १६ पानांची आहे. ६४ केबी पानांच्या एआरएम कर्नलवर तीच १ एमबी होते.

कॅन्सलच्या आधीचा स्लीपही (ठरावीक वेळ थांबणं) आम्ही काढला. थ्रेड सेंडपर्यंत पोचायच्या आत कॅन्सल आलं तरी टेस्ट पास होते, मग अडकलेला कॉल तपासलाच कुठे? कर्नलची माहिती दाखवणाऱ्या प्रॉकमध्ये त्या थ्रेडची स्थिती 'एस' (वाट बघत झोपलेला) दिसेपर्यंत आता थांबतो.

यूडीपीसाठी मात्र यातलं काही लागू पडत नाही. समोरचा बफर भरला की पॅकेट टाकून दिलं जातं, सेंड अडकून बसत नाही. तिथे आधीच कॅन्सल मागितलेला थ्रेड सेंडच्या दारातच थांबतो का, एवढंच आम्ही तपासतो.