एमजीबीचा स्टीअरिंग रॅक: उद्यमनगरात दुरुस्त करावा की नवा मागवावा?

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या (१९६२ ते १९८०) स्टीअरिंगमध्ये ढिलेपणा आला की दोन वाटा उरतात: जुना रॅक (स्टीअरिंग फिरवलं की सरकून चाकं वळवणारा दातेरी दांड्याचा भाग) उघडून दुरुस्त करणं, नाहीतर परदेशातून नवा मागवणं.

मी आधी उघडायच्याच बाजूचा. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात झिजलेल्या बुशचं (दांड्याला आधार देणाऱ्या कड्याचं) माप घेऊन नवा कातून देणारे कसबी हात आहेत, आणि गाडीचा मूळ भाग गाडीतच राहतो. पण दाते नीट तपासा. गाडी बहुतेक वेळ सरळ धावते, म्हणून रॅक मधोमध जास्त झिजतो. तो ढिलेपणा शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) कमी करून काढला, तर पूर्ण वळवताना टोकाला स्टीअरिंग जड होतं, अडकतंसुद्धा. आंबा घाटाच्या वळणावर हे जिवावर बेतेल. दाते असे झिजले असतील तर मोह सोडा, नवा घ्या.

नव्याला कस्टम, पार्सलचा खर्च आणि वाट बघणं आलंच. बसवण्याआधी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने फिरवून बघा.

टायरॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणारे टोकाचे सांधे) आणि रबरी बूट (रॅकच्या टोकांवरची आवरणं) मात्र दोन्ही वाटांवर नवेच. टायरॉड एंडला वेल्डिंग नको म्हणजे नकोच.