हाताने बनवलेले सागवानी टेबल: अंगणातल्या पहिल्या पावसाळ्यानंतर

बेलापूरला पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी आमचे लहानसे रो-हाऊस आहे आणि त्याच्या मागे उघडे अंगण आहे. त्या अंगणात बसून सहा जणांना जेवता येईल असे सागवानी टेबल मी गेल्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात करायला घेतले, आणि २६ जानेवारीला आम्ही त्यावर पहिल्यांदा जेवलो. आता त्याला जवळपास दहा महिने झाले. या काळात त्याने एप्रिल-मेचे ऊन सोसले, जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा कोकणातला पाऊस सोसला आणि खाडीकडून येणारी खारट, दमट हवा तर बाराही महिने असतेच. कोणते निर्णय टिकले आणि कोणते चुकले हे आता मला खात्रीने सांगता येईल. आधीच सांगते, की या टेबलाचे भवितव्य पॉलिशवर कमी आणि पडलेले पाणी पुढे कुठे जाते यावर अधिक अवलंबून होते.

टेबलाची उंची ७५० मिलिमीटर, रुंदी ९०० आणि लांबी १६५० मिलिमीटर आहे. वरच्या सहा फळ्या प्रत्येकी १४५ मिलिमीटर रुंद आणि ३२ मिलिमीटर जाड असून दोन फळ्यांमध्ये ६ मिलिमीटरची फट ठेवली आहे. पाय ७० मिलिमीटर चौरस आहेत. वखारीतून साडेतीन घनफूट सागवान आणले, त्यातले सुमारे अडीच घनफूट टेबलात गेले; बाकीचे भुसा, ढलप्या आणि फिकट रंगाच्या पट्ट्या यांत गेले. त्या फिकट पट्ट्या मी मुद्दाम काढून टाकल्या. सागाचा टिकाऊपणा त्याच्या तपकिरी गाभ्यात असतो; गाभ्याबाहेरच्या पांढुरक्या भागाला वाळवी, भुंगा आणि कुजणे यांपासून तसे संरक्षण नसते. वखारवाले तो भाग पॉलिशने झाकला जाईल असे सांगतात. घरातल्या कपाटाला कदाचित ते चालेल, उघड्यावरच्या टेबलाला चालणार नाही.

पाय आणि आडव्या पट्ट्या यांच्या जोडणीसाठी मी स्क्रू वापरले नाहीत. पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे भोकात बसणारी जीभ, काढले आणि पायात त्याच मापाचे भोक पाडले. असे आठ सांधे करायला मला बारा दिवस लागले, कारण सागात सिलिका असते आणि पटाशीची धार पाहता पाहता जाते. प्रत्येक भोकासाठी तीन-चार वेळा दगडावर पटाशी घासावी लागली. पहिला सांधा मी सरस लावून तसाच बसवला. दुसऱ्या दिवशी शेजारचे सुतारकाका अंगणात आले, त्यांनी तो सांधा हाताने चाचपून पाहिला आणि म्हणाले, “ताई, सागाला तेल असतं. थिनरनं पुसल्याशिवाय सरस धरत नाही.” उरलेल्या सात सांध्यांत कुसू आणि भोक दोन्ही अ‍ॅसिटोनने पुसून मगच जलरोधक सरस लावला. ऑगस्टमध्ये फक्त तो पहिला सांधा केसाएवढा उघडला, बाकीचे सात आजही घट्ट आहेत. उघडलेल्या सांध्यात मी गिरमिटाने आरपार भोक पाडून सागाचीच खुंटी ठोकली. त्यानंतर तो हललेला नाही. पुन्हा करायचे झाल्यास आठही सांध्यांत सुरुवातीलाच खुंट्या घालीन.

फटींवरून घरात बराच वाद झाला होता. सासूबाईंचे म्हणणे असे, की भाताची शिते त्यात अडकतील आणि टेबल पुसणे कठीण जाईल. शिते अडकतात हे खरे आहे आणि आठवड्यातून एकदा जुन्या दात घासण्याच्या ब्रशने फटी साफ कराव्या लागतात. तरीही मी फटींवर ठाम राहिले. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत हवेतल्या दमटपणानुसार फुगते आणि आकसते, आणि साग हे इतर अनेक लाकडांपेक्षा शांत लाकूड असले तरी त्यालाही हा नियम चुकत नाही. मे महिन्यात मोजलेली ६ मिलिमीटरची फट ऑगस्टच्या मध्यावर जेमतेम साडेचार मिलिमीटर उरली होती. म्हणजे प्रत्येक फळी दीड मिलिमीटरने रुंदावली. याच सहा फळ्या एकमेकींना चिकटवून सलग पाट केला असता, तर तो सुमारे ९ मिलिमीटर रुंद होऊ पाहिला असता आणि खालच्या चौकटीने अडवल्यावर वाकला किंवा फाटला असता. त्याच कारणाने फळ्या चौकटीला बसवताना आडव्या पट्ट्यांत गोल भोकांऐवजी लांबट खाचा केल्या, म्हणजे स्क्रूला सरकायला जागा राहते. या फटींतून पावसाचे पाणी खाली निघून जाते आणि सर थांबल्यावर अर्ध्या तासात वरचा भाग कापडाने पुसून वापरता येतो.

स्क्रूच्या बाबतीत मात्र मी घाई केली. ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू चार कमी पडले आणि रविवारी दुकाने बंद असल्याने घरातले साधे जस्ताचा मुलामा दिलेले चार स्क्रू लावून टाकले. जुलैच्या शेवटी नेमक्या त्या चार जागी निळसर काळे डाग खालून फळीच्या कडेपर्यंत आले. ओल्या लाकडातले टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड यांचा संयोग झाला की असा डाग पडतो, आणि तो घासून जात नाही. स्क्रू बदलले आणि ऑक्टोबरमध्ये हातमोजे घालून कोमट पाण्यातल्या ऑक्झॅलिक आम्लाने ते डाग पुसले, नंतर भरपूर पाण्याने धुतले. तीन डाग पूर्ण गेले, एकाची सावली अजून दिसते.

दुसरी चूक जूनच्या पहिल्या आठवड्यातली. मुसळधार पावसाला घाबरून मी टेबलावर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधली. आठ दिवसांनी सोडली तेव्हा आत घाम साचला होता आणि चार फळ्यांवर काळसर बुरशीचे ठिपके होते. ताडपत्री कायमची काढून टाकल्यावर, अधिक भिजूनही, ती बुरशी पुन्हा आली नाही, कारण आता लाकडाला वारा लागत होता. पायांच्या तळाला मी आधीच इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारी राळ, भरून नायलॉनचे बूश ठोकले होते, त्यामुळे फरशीवरचे पाणी पायात चढले नाही. फळ्यांच्या दोन्ही टोकांना मात्र केवळ तेल दिले होते. टोकाच्या कापातून लाकूड पाणी सर्वांत वेगाने पिते आणि सोडतेही तितक्याच वेगाने. परिणामी दोन फळ्यांच्या टोकांना तीन-तीन सेंटिमीटरच्या बारीक चिरा गेल्या आहेत. तिथेही पातळ इपॉक्सी मुरवायला हवी होती.

लेपाविषयी दुकानदाराने पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचा आग्रह धरला होता. मी एका उरलेल्या तुकड्यावर ते लावून तो तुकडा टेबलाशेजारीच उघड्यावर ठेवला. सप्टेंबरपर्यंत त्याच्या कडेने पाणी आत शिरून लेप पांढरा पडला आणि पापुद्रे सुटू लागले. टेबलाला जवसाच्या तेलावर आधारित टीक ऑइलचे सुरुवातीला तीन, मेअखेरीस एक आणि ऑक्टोबरमध्ये एक असे हात दिले. तेल पापुद्रा धरत नाही, त्यामुळे डागाच्या जागी १२० नंबरचा पॉलिशपेपर फिरवून तेवढ्याच भागाला पुन्हा तेल देता येते. या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून एकत्र टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी ती दोरीवर मोकळी वाळवते आणि मग टाकते.

रोजच्या वापरात गरम कुकरने एक गडद वर्तुळ पाडले, ते घासून निघाले. कोजागिरीला सांडलेल्या मसाले दुधाचा माग राहिला नाही. हळदीच्या डागांची मला सर्वांत काळजी होती, परंतु ते दोन-तीन दिवसांच्या उन्हात आपोआप विरले. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. जिथे सावली असते त्या आंब्याच्या बाजूला मात्र एक पिवळा डाग महिनाभर राहिला. टेबलाचे वजन सुमारे ४५ किलो भरते, ते हलवायला दोन माणसे लागतात आणि जोराच्या वाऱ्यात ते जागचे हलत नाही.

लाकूड, सरस, स्क्रू, तेल आणि एक नवी पटाशी मिळून साडेएकोणीस हजार रुपये खर्च झाला. वेळ धरला तर सुट्ट्यांचे सहा आठवडे गेले, आणि ते मला पुन्हा द्यायला आवडतील. दोन्ही बाजूंच्या बाकांसाठी दिवाळीनंतर फळ्या आणल्या आहेत. त्या हवा खेळावी म्हणून मधे लाकडाच्या चिपा घालून जिन्याखाली रचून ठेवल्या आहेत आणि टोकांना इपॉक्सी आत्ताच लावली आहे.