चाळिशीत बाळ हवंय: बीज किती वर्षांचं, आणि हातात महिने किती?

चाळिशी ओलांडल्यावर बाळाचा विचार सुरू केला की सल्ले दोन टोकांचे मिळतात. 'हल्ली पन्नाशीतही मुलं होतात, कशाला घाई करता?' हे एक टोक. 'आता कुठे, वय गेलं,' हे दुसरं. पन्नाशीतल्या बाळाची बातमी सांगणारे एक गोष्ट गाळतात: ते बाळ बहुतेक वेळा दुसऱ्या, तरुण बाईच्या बीजातून आलेलं असतं. आणि वय गेलं म्हणणाऱ्यांना माहीत नसतं, की चाळिशीत नकळत दिवस राहणाऱ्या बायकाही असतात. पाळी कायमची थांबेपर्यंत गर्भनिरोधन सोडू नका, असं डॉक्टर सांगतात ते उगाच नाही.

घरी प्रयत्न, आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं), स्वतःच्या बीजावर आयव्हीएफ (बीजाचं शरीराबाहेर फलन करून तयार झालेलं भ्रूण गर्भाशयात सोडणं), दुसरीच्या बीजावर आयव्हीएफ, असे मुख्य रस्ते चार. यांची तुलना करताना मी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारते. यात वापरलं जाणारं बीज किती वर्षांचं आहे? आणि हा रस्ता किती महिने खाणार? बाकीची माहिती या दोन उत्तरांनंतर बघितली तरी चालते.

वय होतं ते नेमकं कशाचं

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत साधारण 10 ते 20 लाख बीजं असतात. पाळी सुरू होईपर्यंत 3 ते 4 लाख उरतात. त्यांतली जेमतेम 400 ते 500 आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात, बाकीची आपोआप विरून जातात. गोळ्या घेऊन पाळी थांबवली तरी ही गळती थांबत नाही.

पण संख्येपेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. प्रत्येक बीज स्वतःच्या पेशीविभाजनाच्या अर्ध्यावर थांबलेलं असतं, आणि तेही बाई स्वतः आईच्या पोटात असल्यापासून. इतकी वर्षं गुणसूत्रांच्या जोड्या काही प्रथिनांनी एकत्र धरून ठेवलेल्या असतात. ही पकड चाळीस वर्षांत ढिली होते. शेवटी विभाजन पूर्ण होताना वाटणी चुकते आणि एखादं गुणसूत्र जास्त किंवा कमी पडतं. असा गर्भ बहुधा रुजतच नाही. रुजला तर पहिल्या तीन महिन्यांत पडण्याची शक्यता मोठी. आपोआप गर्भपात होण्याचं प्रमाण विशीत शंभरात दहा-पंधरा असतं. चाळिशीच्या सुरुवातीला ते एक तृतीयांशाच्या आसपास जातं आणि पंचेचाळिशीला निम्म्याच्या वर. डाउन सिंड्रोमचं बाळ जन्मण्याची शक्यता 40व्या वर्षी साधारण 100त 1, तर 45व्या वर्षी 30त 1. दिवस न राहणं, राहून पडणं आणि डाउन सिंड्रोम, तिन्हींच्या मुळाशी बहुतेकदा ही एकच वाटणीची चूक असते.

गर्भाशयाचं वय या वेगाने होत नाही. दान केलेल्या बीजातून पहिलं बाळ 1984 साली जन्मलं, आणि तेव्हापासूनचा अनुभव हाच आहे: बीज तरुण असेल तर चाळिशीतलं गर्भाशय ते व्यवस्थित वाढवतं. म्हणून 'सरोगसी करू या का?' हा प्रश्न चाळिशीत अनेकदा चुकीच्या जागी विचारला जातो. गर्भाशय काढलेलं असेल किंवा गरोदरपण जिवावर बेतणारं असेल तर सरोगसीला अर्थ आहे. बीज तेच, बेचाळीस वर्षांचं, असेल तर कूस बदलून ते तरुण होत नाही.

घरी प्रयत्न

तिशीच्या सुरुवातीला दर महिन्याला दिवस राहण्याची शक्यता शंभरात वीसच्या आसपास असते. चाळिशीला ती पाचच्या खाली येते. महिन्याला पाच धरले तरी सहा महिन्यांत साधारण चारातल्या एकीला दिवस राहतात. हा आकडा ऐकून कुणी खचतं, कुणाला तो बराच वाटतो. मला तो बराच वाटतो, एका अटीवर: गर्भनळ्या मोकळ्या आहेत, शुक्राणू ठीक आहेत आणि बीज सुटतंय, हे आधी तपासलेलं हवं. नाहीतर सहा महिने बंद दारावर टकटक होते. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर वाट पाहा, पस्तिशीनंतर सहा महिने, हा नेहमीचा नियम; चाळिशीनंतर मात्र प्रयत्न आणि तपासण्या एकाच महिन्यात सुरू करायच्या असतात.

फारसं न सांगितलं जाणारं एक: चाळिशीत पाळीचं चक्र बऱ्याचदा आखूड होतं आणि बीज लवकर सुटतं, कधी दहाव्या दिवशी, कधी त्याहून आधी. 'चौदावा दिवस' धरून बसणाऱ्यांची संधी त्यामुळे हुकते. गर्भधारणा होऊ शकते असे दिवस म्हणजे बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. पाळी संपली की एक दिवसाआड संबंध ठेवले तर कॅलेंडर लावायची गरज उरत नाही. (याच वयात मेंदूकडून येणारं, बीज पिकवणारं एफएसएच हे संप्रेरक वाढतं आणि कधी एका महिन्यात दोन बीजं सुटतात. जुळ्यांचं प्रमाण तिशीच्या शेवटाकडे वाढतं ते यामुळे.)

नवऱ्याची तपासणी पहिल्या आठवड्यात करा. वीर्यतपासणीत सुई नाही, भूल नाही, तरीही बाईच्या डझनभर तपासण्या झाल्यावर ती आठवते, हे मला कधीच समजलेलं नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणजे आज सिगारेट सोडली तर फरक तीन महिन्यांनी दिसणार. तेवढे महिने आपल्याकडे आहेत का, हा हिशोब पुन्हा आलाच.

आणि एएमएच. या एका रक्ततपासणीने जितकी रडारड होते तितकी तिची लायकी नाही. ती बीजांचा साठा दाखवते, दर्जा नाही. एएमएच कमी आलेल्या बायकांना नैसर्गिकपणे दिवस राहण्याचं प्रमाण त्यामुळे कमी होतं असं आढळलेलं नाही. आयव्हीएफच्या इंजेक्शनांना अंडाशय किती प्रतिसाद देईल, याचा अंदाज मात्र ती चांगला देते. दर्जाबद्दल बोलणारा सर्वांत खात्रीचा आकडा जन्मतारखेचाच.

आययूआय

धुऊन निवडलेले शुक्राणू बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. बीज तेच, गर्भनळीही तीच, शुक्राणूंचा प्रवास थोडा छोटा. शुक्राणू थोडे कमी असतील, संबंधात अडचण असेल किंवा दात्याचे शुक्राणू वापरायचे असतील तर याचा उपयोग आहे. बाकी चाळिशीनंतर एका आययूआयचं यश घरच्या प्रयत्नांपेक्षा फार वर जात नाही. अमेरिकेत 38 ते 42 वयाच्या बायकांवर झालेला एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. आधी आययूआय करून मग आयव्हीएफकडे गेलेल्यांपेक्षा थेट आयव्हीएफ घेतलेल्यांना कमी सायकलींत, म्हणजे उपचाराच्या कमी फेऱ्यांत, दिवस राहिले. तेव्हा, एक-दोन आययूआय ठीक. 'अजून एकदा बघू' असं म्हणत सहा केल्या तर पैसे वाचल्यासारखे वाटतात आणि वर्ष जातं.

स्वतःच्या बीजावर आयव्हीएफ

आयव्हीएफ बीज तरुण करत नाही. ज्या महिन्यात एक बीज पिकलं असतं त्या महिन्यात ते अनेक पिकवतं, एवढीच त्याची करामत. समजा बेचाळिशीतल्या बाईची आठ बीजं पिकअपला, म्हणजे अंडाशयातून बीजं बाहेर काढताना, मिळाली. त्यांतली सहा पक्व निघतात, चारांत फलन होतं, पाचव्या दिवसापर्यंत दोन भ्रूण टिकतात. या वयात तीन-चार भ्रूणांमागे एखाद्याचीच गुणसूत्रं बरोबर असतात. म्हणजे आठ बीजांच्या सायकलीतून एकही निरोगी भ्रूण न मिळणं हे अपयश वगैरे नसतं, ते या वयाचं सरळ गणित असतं. हे आधी माहीत असलं तर फोनवर 'ट्रान्सफरला काही उरलं नाही', म्हणजे गर्भाशयात सोडायला भ्रूणच नाही, हे ऐकणं सोपं होत नाही, पण 'माझंच काहीतरी चुकलं' हा विचार तरी येत नाही.

ब्रिटनमध्ये प्रत्येक सायकलीची सरकारी नोंद होते. तिथले आकडे ढोबळमानाने असे: 40 ते 42 वयाला स्वतःच्या बीजाचं भ्रूण गर्भाशयात सोडलं तर दहात एकदा बाळ घरी येतं, 43-44ला विसात एकदा. आता हे घरच्या प्रयत्नांशेजारी ठेवून बघा. तयारी, इंजेक्शनं, पिकअप आणि निकाल धरून एक सायकल सहज दोन महिने घेते. सगळे रिपोर्ट चांगले असलेल्या चाळिशीतल्या जोडप्याला तेवढ्या दोन महिन्यांत घरीही शंभरात आठ-नऊची संधी असते. ही तुलना काटेकोर नाही, कारण आयव्हीएफला येणाऱ्या अनेक जोडप्यांना आधीच अडचण असते. तरी नळ्या बंद नसलेल्या, शुक्राणू ठीक असलेल्या जोडप्याला आयव्हीएफने मिळणारी वाढ जाहिरातीतून वाटते त्याहून बरीच छोटी आहे. नळ्या बंद असतील किंवा शुक्राणू फारच कमी असतील तर तुलनाच संपते. तिथे आयव्हीएफ लागतंच आणि उशीर नको.

भ्रूणाची गुणसूत्रं तपासून घ्यावीत का, हा पुढचा प्रश्न. ही चाचणी निवड करते, दुरुस्ती करत नाही. चार-पाच भ्रूण असतील तर ती निष्फळ ट्रान्सफर आणि गर्भपात टाळून महिने वाचवते. हातात एकच भ्रूण असेल तर निवडायचं कशातून? तिथे मी तपासणीचा खर्च पुढच्या पिकअपसाठी ठेवला असता. भ्रूण रुजावं म्हणून गर्भाशयाच्या अस्तरावर ओरखडे काढण्याचा प्रकार तर 2019 मधल्या मोठ्या चाचणीत निरुपयोगी ठरला आहे. बीजात एकच शुक्राणू टोचण्याची इक्सी पद्धत 1992 पासून पुरुषांतल्या दोषासाठी मोलाची ठरली आहे, पण शुक्राणू ठीक असताना तिने यश वाढत नाही.

दुसरीच्या बीजावर आयव्हीएफ

आकड्यांपुरतं बोलायचं तर इथे चित्र पालटतं. एका ट्रान्सफरमागे तीनांत एक ते दोनांत एक बाळ, आणि घेणारी बाई 41ची आहे की 46ची, याने त्यात फार फरक पडत नाही. गर्भपाताचा आणि डाउन सिंड्रोमचा धोकाही बीज देणारीच्या वयाचा असतो.

किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. बाळाचा जनुकीय धागा आईशी जुळत नाही. तिचं रक्त, तिचे नऊ महिने, तिचं दूध, हे सगळं तिचंच असतं. 'आईचं शरीर बाळाची जनुकं चालू-बंद करतं, त्यामुळे बाळ तुमच्यासारखंच होईल' असं काही ठिकाणी रंगवून सांगतात. गर्भाशयातल्या वातावरणाचा परिणाम होतो हे खरं, पण त्याने नाकडोळे बदलत नाहीत. जनुकीय नातं नसलेलं चालेल का, याचं उत्तर या दिलाशाच्या आधारे देऊ नये. बाळाला हे सांगायचं का आणि केव्हा, हेही आधीच बोलून घ्यावं. घरगुती जनुकीय चाचण्यांच्या काळात असं गुपित टिकत नाही. वैद्यकीय बाजूने एक इशारा: अशा गरोदरपणात रक्तदाब वाढून प्रीएक्लॅम्प्सिया होण्याचा धोका स्वतःच्या बीजापेक्षा जास्त असतो, म्हणून एकाच वेळी दोन भ्रूण सोडायचा मोह टाळावा. वयाची अट, बीज देणारीची ओळख, कायदेशीर कागद हे देशागणिक बदलतं. मन बनवण्याआधी ते बघा.

बहुतेक जोडपी या दारापाशी तीन-चार सायकली फसल्यावर, पैसा आणि धीर दोन्ही संपत आल्यावर पोचतात. मी म्हणेन, हा विषय पहिल्या भेटीतच काढा. नको असेल तर नको. पण ते 'नको' विचार करून आलेलं असू दे, थकून आलेलं नको.

तिशीत गोठवलेली स्वतःची बीजं असतील तर नशीबवान आहात: त्यांचं वय गोठवल्या दिवशीचंच राहतं. चाळिशीत गोठवायला निघालात तर त्यातून फारसं काही मिळत नाही. दत्तक घेणं मी या रांगेत शेवटी बसवत नाही, तो मुळात उपचार नाही. एवढंच, की तिथेही वयाची मर्यादा आणि लांब प्रतीक्षा असू शकते. तो विचार मनात असेल तर चौकशी आत्ताच करा.

माझा कौल

40-41, सगळे रिपोर्ट चांगले: चार-सहा महिने घरी, आणि त्याच काळात आयव्हीएफची तयारी करून ठेवलेली. 42-43: आययूआय वगळून थेट आयव्हीएफ, स्वतःच्या बीजावर किती सायकली करायच्या ते पहिली सुरू होण्याआधी लिहून. 44च्या पुढे स्वतःच्या बीजावर मोठा खर्च करायला मी कुणाला सांगणार नाही. घरचे प्रयत्न चालू ठेवावेत किंवा दुसरीच्या बीजाकडे वळावं. रस्ता कुठलाही असो, फॉलिक आम्ल 400 मायक्रोग्रॅम किमान महिनाभर आधीपासून घ्यावं. थायरॉइड, साखर, रक्तदाब आणि रुबेलाची प्रतिकारशक्ती तपासून घ्यावी. दिवस राहिल्यावर कमी मात्रेची ॲस्पिरिन लागेल का, हे डॉक्टरांना विचारावं.

दवाखाना निवडताना 'यशाचं प्रमाण साठ टक्के' असं कुणी म्हटलं तर विचारा: कुणाच्या वयाचं, कुणाच्या बीजाचं, आणि कशातले साठ? ट्रान्सफरपर्यंत पोचलेल्यांतले की सायकल सुरू केलेल्यांतले? टेस्ट पॉझिटिव्ह आलेले की जन्मलेले? मग सरळ विचारा: गेल्या वर्षी माझ्या वयाच्या किती जणींनी स्वतःच्या बीजावर इथे सायकल सुरू केली, आणि त्यांतल्या किती बाळ घेऊन घरी गेल्या?