कुपफरशीफरचा पॉलिश केलेला तुकडा: पैसे वसूल!

जर्मनीतल्या मान्सफेल्डच्या काळ्या शेलचा (चिखल घट्ट होऊन बनलेल्या, तांबं असलेल्या खडकाचा), म्हणजे कुपफरशीफरचा तुकडा ऑनलाइन मागवला आणि खरंच खूश आहे. नुसत्या डोळ्यांनी काळा दगडच दिसतो, पण १० एक्सची (दहापट मोठं दाखवणारी) लेन्स लावून उजेडात जरा तिरका धरला की तांबं-गंधकाची तीन खनिजं दिसतात: पितळी पिवळे ठिपके म्हणजे चाल्कोपायराइट, केसासारखी बारीक करडी रेघ ती चाल्कोसाइटची आणि बोर्नाइट तर पॉलिशवर तांबूस-तपकिरी पण कडेच्या जुन्या फुटीवर मस्त जांभळं-निळं! साधारण २५ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी, तळाशी ऑक्सिजन नसलेल्या समुद्रात हा चिखल साचला, त्यात आधी पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) बनलं, मग खालच्या लाल वाळूच्या खडकांतून आलेल्या खारट पाण्याने तांबं आणलं आणि ते बऱ्याच ठिकाणी पायराइटचीच जागा घेऊन बसलं. तांब्याच्या पट्ट्यापासून लांब गेलं की शिसं, पुढे जस्त, हे केवढं भारी आहे! तिथलं खाणकाम १९९० मध्ये थांबलं, त्यामुळे आता माल बहुतेक जुन्या ढिगाऱ्यांतलाच मिळतो.

तक्रार एकच, लेबलवर नुसतं 'कॉपर ओअर' लिहिलंय, खाणीचं नाव नाही, कलेक्शनसाठी ते हवंच ना. पॅकिंग छान होतं. घेतलात तर दमट जागी ठेवू नका, सल्फाइड (ही गंधकाची खनिजं) खराब होतात.