माडाची सावली आणि छतावरचे पॅनेल: गोव्यात कॅम्परव्हॅनचे आठ महिने

गेल्या नोव्हेंबरात आमची कॅम्परव्हॅन, म्हणजे एक वापरलेली डिझेल व्हॅन आतून बदलून घेऊन, ताब्यात आली. जूनअखेरपर्यंत गोवा आणि लगतचा सिंधुदुर्ग मिळून आम्ही दोघे तिच्यातून सुमारे साडेसहा हजार किलोमीटर फिरलो आणि ४१ रात्री तिच्यात झोपलो. घर म्हापशाला असताना गोव्यातच मुक्काम करायला गाडी कशाला, असे नातेवाइकांनी विचारले. ते रास्तच होते, कारण पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंतचा राष्ट्रीय महामार्ग ६६ दीडशे किलोमीटरही भरत नाही आणि वाटेत चहाला थांबूनही चारेक तासांत संपतो. पण ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या मुलखात प्रवासाची आखणी नेमकी त्यामुळेच फसते. दिवसाला किती अंतर कापायचे, याचा हिशेब आम्ही वहीत फार हौसेने मांडला होता आणि तो दुसऱ्याच रात्री निरुपयोगी ठरला.

त्या वहीत रोजचा एक किनारा होता: केरी, मांद्रे, मोरजी, मग थेट दक्षिणेला आगोंद, गालजीबाग, पोळे. यांपैकी मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, आणि तो हंगाम साधारणपणे आपल्या सुट्ट्यांच्याच महिन्यांत असतो. गाडीतला दिवा वाळूकडे पडला तरी पिल्ले समुद्राऐवजी उजेडाकडे वळतात, हे तेथील वनरक्षकाने समजावून सांगितल्यावर आम्ही निमूटपणे गाडी हलवली. किनाऱ्यावर वाहन नेता येत नाहीच, आणि पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठीच्या २००१ च्या कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून तेथे उघड्यावर स्वयंपाक करणे दंडनीय आहे. चित्रातल्याप्रमाणे लाटांसमोर दार उघडून चूल मांडण्याच्या कल्पनेने कोणी व्हॅन घेणार असेल, तर त्याने ते पैसे वाचवावेत.

आता आम्ही आधी मुक्काम ठरवतो आणि मग त्याच्या आसपास काय पाहता येईल ते बघतो. सर्वांत चांगले मुक्काम समुद्रापासून दूर मिळाले. फोंडा तालुक्यातील देवळांना भाविकांसाठी अग्रशाळा, म्हणजे उतरण्याच्या खोल्या, असतात. तेथे एका ठिकाणी दुपारीच कार्यालयात जाऊन रीतसर विचारल्यावर आवारात गाडी लावण्याची परवानगी, नळाचे पाणी आणि स्वच्छतागृह अशा तिन्ही गोष्टी माफक देणगीत मिळाल्या. काणकोणात मात्र आम्ही बहुतेक वेळा एकाच घराच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, थांबतो. तेथील मावशींनी पहिल्याच दिवशी, मी गार जागा पाहून गाडी माडाखाली घेत असताना, ओसरीवरून हाक मारली: "बाबा, तिथे नको. पाडेली तीन महिने फिरकलेला नाही, वरचे नारळ सुकलेत." पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा. मी गाडी काढली आणि त्याच रात्री त्या जागी एक अख्खी झावळी येऊन आदळली. आमच्या छतावरच्या सौर पॅनेलच्या काचेने ती झेलली असती असे मला वाटत नाही.

या व्हॅनविषयीचा माझा मुख्य अनुभव या माडाभोवतीच फिरतो. छतावर ४०० वॉटचे पॅनेल आहे आणि त्याला ऊन हवे. आत झोपणाऱ्यांना सावली हवी. आणि गोव्याच्या किनारपट्टीवर सावली म्हणजे बहुधा माड. पॅनेलमधील सेल एकामागोमाग एक जोडलेल्या असल्यामुळे झावळीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या सावलीनेही वीज सावलीच्या मानाने कितीतरी जास्त घटते. जानेवारीत उघड्यावर दिवसाला दीड युनिटाच्या पुढे वीज मिळत होती, माडांखाली त्याच्या निम्मीही नाही, आणि जूनच्या पावसात तर अर्धे युनिट मिळाले की आम्ही खूश होत असू. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, २०० अँपिअर-तासांची आहे, म्हणजे भरल्यावर अडीच युनिट. ४५ लिटरचा फ्रीज एप्रिलात दिवसाला पाऊण युनिट खातो. छतावरचा एसी तीच बॅटरी तीन तासांच्या आत संपवतो, आणि किनाऱ्यावरची एप्रिलातली रात्र तीन तासांची नसते. म्हणून मार्चच्या मध्यानंतर आम्ही घराच्या विजेची जोडणी मिळेल तेथेच थांबतो आणि त्याचे पैसे वेगळे देतो. पुन्हा गाडी बनवायची झाली तर एसीचा खर्च टाळून त्या पैशांत दोन चांगले छतपंखे आणि लांब वायरीचे घडीचे पॅनेल घेईन, म्हणजे गाडी आंब्याखाली आणि पॅनेल अंगणातल्या उन्हात ठेवता येईल. (फणसाखाली मे महिन्यात उभे राहण्याचे धाडस आम्ही केलेले नाही.)

पाण्याची ८० लिटरची टाकी दोघांना दोन दिवस पुरते, फार काटकसर न करता. सांडपाण्याच्या टाकीने मात्र त्रास दिला. बनवणाऱ्याने तिचा नळ गाडीच्या मागच्या टोकाला, सर्वांत खाली, काढला होता. केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीत ओहोटीच्या वेळी चढताना धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्या कोनात गाडीचे शेपूट टेकले आणि तो नळ मुळापासून तुटला. बोटीवरच्या माणसाने गाडी तिरकी घ्यायला हात केला होता, तो मी पाहिला नाही. पलीकडे उतरेपर्यंत आदल्या रात्रीचे भांड्यांचे पाणी बोटभर धारेने गळत राहिले आणि मागे उभे असलेले स्कूटरवाले सौजन्याने दुसरीकडे बघत राहिले. आता नळ चौकटीच्या आत घेतला आहे, आणि फेरी गाठायची असली की भरतीची वेळ आधी पाहतो.

खाऱ्या हवेबद्दल सर्वांनी सावध केले होते, तरी दारांच्या बिजागऱ्या चौथ्या महिन्यातच तांबारल्या. साध्या प्लायची कपाटे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात फुगली आणि गादीच्या खालच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके आले, कारण गादीखाली हवा खेळायला लाकडी पट्ट्या ठेवलेल्या नव्हत्या. जलरोधक प्लायचे पैसे देऊनही साधे प्लाय मिळाल्याचे तेव्हा कळले. त्यावर त्या कारागिराचे उत्तर अजून आलेले नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाने मूलभूत बदल करता येत नाहीत, आणि मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. "काही लागत नाही" असे सांगणाऱ्यावर आम्ही विसंबलो नाही, त्यामुळे तीन महिने उशीर झाला. मात्र नोंदणी पुस्तक आणि प्रत्यक्ष गाडी यांत तफावत राहिली असती, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडला असता.

सध्या गाडी अंगणात पत्र्याखाली आहे, गादी घरात माळ्यावर उभी केली आहे आणि सकाळी पाऊस थांबला की दारे तासभर उघडी टाकतो. पोदेर, म्हणजे पाववाला, पोय हा गोव्याचा पाव द्यायला येतो, तो रोज आत डोकावून विचारतो, आता कधी निघणार. कपाटे उतरवून नवे प्लाय बसवायचे आहे. ते दसऱ्यापर्यंत झाले, तर पहिला मुक्काम काणकोणला, मावशींच्या भाटात. पाडेली येऊन गेला की नाही, ते फोन करून विचारून.